काढण्याचे पैसे वेगळे

लग्नाची तिथी होऊन तीन-चार आठवडे झाले की नव्या नवरीचे हात बघावेत. मेंदी गेलेली असते. हळदीचा पिवळेपणा कधीच उतरलेला असतो. नखांवर मात्र काहीतरी अडकून बसलेलं असतं. बुडाशी नवं नख उगवून आलंय, मधे चकचकीत गुलाबी पट्टा आहे आणि टोकाला टवका उडालाय. एसटीत, बँकेच्या रांगेत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मला ही नखं दिसतात, आणि त्यांचं पुढं काय होणार तेही दिसतं. कारण त्या पोरीच्या दुसऱ्या हाताचा अंगठा त्या टवक्याखाली शिरलेला असतो. खिडकीबाहेर बघत बघत ती तो सोलत असते.

सगळं बिघडतं ते त्या अंगठ्यानं. जेलनं, म्हणजे पार्लरमध्ये लॅम्पखाली वाळवतात त्या पक्क्या नेलपॉलिशनं, नखं खराब होतात असं बाया एकमेकींना सांगतात, आणि खराब झालेली नखं दाखवतातही. पण नीट विचारलं की कळतं, लावल्यापासून ती छान होती. घाण झाली ती काढताना. मी परभणीत अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे या विषयात माझं नाक जरा जास्तच खुपसलं जातं. पोरी प्रॅक्टिकलच्या आधी येऊन विचारतात, "मॅडम, लॅबमधलं ॲसिटोन थोडं देता का?" देत नाही. नेलपॉलिश काढायचं द्रव ते. पण का हवंय ते विचारते, आणि मग तास तिथंच संपतो.

आपल्याकडच्या नटण्याच्या बहुतेक गोष्टी आपल्या आपण जातात. मेंदीतला लॉसोन नावाचा रंग कातडीतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतो. वरची कातडी झडत राहते, तिच्याबरोबर दोन-तीन आठवड्यांत रंगही जातो. नखावरची मेंदी जास्त टिकते, पण तीही नख वाढेल तशी पुढं सरकते आणि एक दिवस नेलकटरखाली येते. साधी नेलपॉलिश तर चार दिवस भांडी घासली की टोकाकडून सुटायलाच लागते. आणि गोंदण? ते कधीच जात नाही, जावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. आजीच्या हनुवटीवरचे ठिपके आजीबरोबरच गेले. जेल या दोन्हींच्या मधे येऊन बसलंय. ते कायमचं नाही, आणि आपल्या आपण जातही नाही. ते कुणीतरी बसून, वेळ देऊन काढावं लागतं. असं काही बसून काढायची सवय आपल्या हातांना कधी नव्हतीच.

आता थोडी केमिस्ट्री, कारण तिच्याशिवाय पुढचं सगळं नुसतं 'असं करा, तसं करू नका' होऊन बसेल.

साध्या नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज असतं, इथाइल आणि ब्यूटाइल ॲसिटेटसारख्या द्रावकांत विरघळवलेलं. नखावर लावलं की द्रावक उडून जातो, पापुद्रा मागं राहतो. रिमूव्हरनं आपण तो द्रावक पुन्हा आणून देतो, की पापुद्रा विरघळतो. सरळ हिशोब. जेलचं तसं नाही. बाटलीतल्या जेलमध्ये ॲक्रिलेट जातीचे छोटे रेणू असतात आणि प्रकाश पडला की फुटणारं एक रसायन असतं. लॅम्पखाली बोटं घातली की ते फुटतं आणि त्या छोट्या रेणूंना एकमेकांशी बांधून टाकतं, उभे, आडवे, तिरपे. एलईडी लॅम्प असेल तर अर्ध्या-एका मिनिटात. बारावीच्या पोरांना मी क्रॉस-लिंकिंग शिकवते, ते हेच. एकदा बांधलेली ही जाळी ॲसिटोनमध्ये विरघळत नाही. किती घासा, विरघळत नाही. ॲसिटोन फक्त जाळीत झिरपतं, ती फुगवतं, आणि फुगलेल्या जाळीची नखावरची पकड सुटते.

सालीची मुगाची डाळ भिजत घालतो तेव्हा काय होतं? डाळ काही पाण्यात विरघळत नाही. फुगते, आणि नुसता हात फिरवला की साल निसटून वर तरंगते. घाई करून दहा मिनिटांतच चोळायला बसलात तर साल निघत नाही, दाणा मात्र मोडतो. जेल काढणं एवढंच आहे. भिजू देणं हेच काम आहे, चोळणं नाही.

सोलल्यावर काय होतं तेही यातूनच कळतं. नख म्हणजे केराटिनच्या मेलेल्या पेशींचे एकावर एक बसलेले पातळ थर, सगळे मिळून जेमतेम अर्धा मिलिमीटर. जेल वरच्या थराला घट्ट धरून असतं. कोरडंच उपटलं तर ते एकटं येत नाही, नखाचे थर सोबत घेऊन येतं. मागं राहतो तो पांढरट, खरखरीत चट्टा. मग गरम चहाचा कप धरला तरी बोट झोंबतं.

माझी भाची लग्न होऊन जिंतूर तालुक्यात गेली. तिचा फोन आला तेव्हा असंच झालं होतं. "मावशी, बोटं लई आग करायलीत." काय केलं विचारलं, तर एका हाताची नखं तिनं दातांनी सोलली होती. दुसऱ्या हातासाठी दिरानं गेटला रंग देऊन उरलेलं थिनर आणून दिलं होतं. "रिमूव्हरच असतंय की ते, वास सेमच येतो."

सेम नसतं. हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर म्हणजे बऱ्याच द्रावकांची भेसळ, त्यात टोल्युइनसारखी मंडळी असू शकतात. त्याचा कातडीशी आणि नाकाशी संबंध नको. उलटी गोष्ट बाजारातल्या 'ॲसिटोन-फ्री' बाटलीची. ती साध्या नेलपॉलिशला चांगली, हाताला सौम्य, पण जेलपुढं तिचं फारसं काही चालत नाही. बाई अर्धा तास घासत बसते, मग वैतागून नख घालते. त्या छोट्या डबीतल्या रिमूव्हरच्या ओल्या टिकल्यांचंही तेच. जेलला शुद्ध ॲसिटोनच लागतं. ब्युटी पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं, बाटलीवर तसं लिहिलेलं बघून घ्यावं.

भाचीला मी त्या दिवशी फोनवर सांगितलं ते इथं जरा सविस्तर सांगते. आधी सोललेल्या हाताला पूर्ण विश्रांती, त्याला ॲसिटोन लावायचंच नाही. ज्या हातावर जेल शाबूत आहे, तोच घ्यायचा. वरचा टॉप कोट कानशीनं हलक्या हातानं खरवडायचा. चमक जाऊन पृष्ठभाग मेणचट, निस्तेज दिसला की थांबायचं. हे न करता नुसतं ॲसिटोन लावलं तर ते वरून निसटतं, आत जायला वाटच मिळत नाही. कानस नखापर्यंत मात्र पोचू द्यायची नाही. रंग संपून नखाचा रंग डोकावायला लागला की जास्त झालं.

मग नखाच्या कडेच्या कातडीला पेट्रोलियम जेली. ॲसिटोन कातडीतलं तेल ओढून घेतं, बोटं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी पडतात. जेलीचा थर असला की कातडी वाचते. नखावर जेली लागली तर पुसून टाकायची, नाहीतर तिथंही वाट बंद. कापूस नखाएवढाच घ्यायचा. बोटभर कापूस भिजवून गुंडाळणाऱ्या बाया मी पाहिल्यात, विनाकारण. इथं एक गंमत सांगते. भाचीच्या घरी कापसाचा ढीग होता, वेचणीचे दिवस होते. तिनं विचारलं, "घरचाच घेऊ का?" घरच्या कापसात सरकी असते, पानाचा चुरा असतो, आणि धाग्यावर मेणाचा नैसर्गिक थर असतो. म्हणून तर कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो. औषधाच्या दुकानातला कापूस हे मेण धुऊन काढलेला, म्हणून शोषणारा. 'नांदेड-४४' कापूस पिकवणाऱ्या मुलखात पुडक्यातला कापूस विकत आणायचा म्हणजे जरा जिवावर येतं, पण आणावा.

भिजवलेला बोळा नखावर, वरून ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा घट्ट गुंडाळायचा. डब्यात पोळ्या बांधतो तोच फॉइल. त्याचं काम एकच, ॲसिटोन उडू न देणं. हे द्रव ५६ अंशांना उकळतं. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंश असतात, वरून कूलर सुरू; उघड्यावरचा बोळा दोन मिनिटांत कोरडा ठाक. डिसेंबरात उलटं. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा खाली गेला की परभणीची थंडी पेपरात येते, तसल्या सकाळी ॲसिटोनही सुस्त होतं. तेव्हा फॉइल लावलेला हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसावं, बास. एका वेळी एकच हात, म्हणजे दुसऱ्या हातानं फोन घेता येतो, दार उघडता येतं.

दहा ते पंधरा मिनिटं. मग एकाच बोटाचा फॉइल काढून बघायचा. जेल कडेनं सुटून सुरकुतलेलं दिसलं तर लाकडी काडीनं, बुडापासून टोकाकडं, नुसतं ढकलायचं. ढकलताना जोर लागला तर ते झालेलं नाही. पुन्हा ताजं ॲसिटोन, पुन्हा फॉइल, आणखी पाच मिनिटं. बहुतेक जणींचं इथंच चुकतं. नऊ नखं सुटतात, दहाव्यावर एक छोटासा तुकडा राहतो आणि तेवढ्यासाठी पुन्हा गुंडाळायचा कंटाळा येतो. सगळ्यात खोल चट्टा त्याच बोटावर पडतो. चाकूचं टोक, सेफ्टी पिन, केसांची पिन, घरात असतील नसतील ती सगळी लोखंडी टोकं या वेळी दूर ठेवावीत.

शेवटी साबणानं हात धुवायचे, आणि तेल. महागडं क्युटिकल ऑइल नसेल तर आपलं करडईचं तेल आहे ना! ज्या जिल्ह्याच्या नावानं करडईचं 'परभणी कुसुम' वाण निघालं, तिथल्या बाईनं नखाच्या तेलासाठी ऑनलाइन ऑर्डर टाकावी हे मला पटत नाही. तेलानं नख बळकट वगैरे होत नाही, ती जाहिरात. पण कोरडं पडलेलं नख आणि कडेची कातडी लवचिक राहते, चिरत नाही. रात्री भांडी झाल्यावर एकेक थेंब चोळायचा.

आता जे मी फोनवर सगळ्यात आधी, ओरडूनच सांगितलं होतं, ते. ॲसिटोन पेट घेतं. नुसतं पेट घेतं असं नाही. उणे २० अंशांच्या आसपासच्या थंडीतही त्याची वाफ ठिणगीला पुरते, मग आपल्या स्वयंपाकघराचं काय घेऊन बसलात. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, फरशीवरून पसरते. म्हणजे तुम्ही पलंगावर बसून बोटं गुंडाळताय आणि चार हातांवर देवघरात निरंजन तेवतंय, हे चालणार नाही. उदबत्ती नको, गॅस नको, शेजारी विडी ओढणारे मामंजी नकोत. आणि संध्याकाळी भारनियमनात लाइट गेली तर मेणबत्ती तर अजिबात लावायची नाही. मोबाइलचा टॉर्च लावा किंवा काम सकाळवर टाका. काहीजणी ॲसिटोन कोमट केलं की लवकर काम होतं म्हणून वाटी गॅसजवळ नेतात, मायक्रोवेव्हमध्ये ठेवतात. माझ्या लॅबमध्ये एखाद्या पोरानं हे केलं असतं तर मी त्याला वर्षभर बर्नरजवळ उभं राहू दिलं नसतं. खिडकी उघडी, वाटी काचेची किंवा स्टीलची, बाटलीचं झाकण लगेच बंद, पोरं दूर. काही प्लास्टिक ॲसिटोननं चिकट होतं, टेबलाचं पॉलिश उडतं, चष्म्याची फ्रेमही खराब होऊ शकते. वापरलेले बोळे उघड्या डस्टबिनमध्ये टाकण्याआधी घराबाहेरच्या ओट्यावर वाळू द्यावेत.

एवढं सगळं ऐकून भाची म्हणाली, "मंग पार्लरातच जाते की. पण ती बाई काढायचे दोनशे मागायली. लावताना घेतले ना पैसे!"

हे वाक्य मी परभणीतही ऐकलंय, जिथं मी भुवया करायला जाते तिथं, अनेकदा. तिथल्या भिंतीवरच्या दरपत्रकाच्या शेवटी त्या ताईंनी पेनानं लिहिलंय, काढण्याचे पैसे वेगळे. छापील यादीत ते नव्हतं, भांडणं व्हायला लागली तेव्हा लिहिलं. त्यांनी संभाजीनगरला जाऊन कोर्स केलाय, हातात कसब आहे. गिऱ्हाईक मात्र नखावर फुलं काढण्याचं कौतुक करतं आणि ती फुलं उतरवण्याचे पैसे द्यायला कुरकुरतं. एकदा एक बाई तणतणत जिना उतरून गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "लावायला मशीन आहे मॅडम. काढायला नुसती मीच आहे."

खरंच आहे ते. दहा बोटं नीट काढायला पाऊण तास जातो. तेवढ्या वेळात त्या दोन-चार बायांच्या भुवया करून मोकळ्या होतील. मग ज्या ठिकाणी काढणं फुकट असतं तिथं ते कसं होतं? ड्रिलनं, दहा मिनिटांत. मशीन वाईट नाही. शिकलेल्या हातात ते टॉप कोट छान उतरवतं. पण घाईतल्या हातात तेच नख पातळ करून ठेवतं, एका जागी जास्त टेकलं की बुडाशी अर्धगोल लाल खाच पडते. यासाठी एक साधी खूण आहे. नखाला चटका बसला तर मशीन जास्त खोल गेलंय. "थोडं सहन करा ताई" हे उत्तर नाही, हात मागं घ्यावा. आपण लाजतो, पैसे देऊनही लाजतो. खुर्चीत बसलं की आपल्या तोंडाला कुलूप लागतं.

पार्लरमध्ये गेल्यावर पहिल्यांदा आपल्या बोटावर काय आहे ते सांगायला हवं, आणि त्यासाठी लावतानाच विचारून ठेवायला हवं. साधं जेल पॉलिश भिजवून निघतं. नखं लांब करायला वापरतात ते हार्ड जेल ॲसिटोनला दाद देत नाही, ते कानशीनंच उतरवावं लागतं. ॲक्रिलिकची नखं भिजून निघतात पण वेळ बराच जास्त लागतो. ही दोन्ही घरी काढायच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साधं जेल घरी, बाकी पार्लरला. आणि पार्लरमध्ये कुणी लोखंडी पुशर घेऊन खरवडायला लागलं, कडेची कातडी कापायला लागलं, आधीच्या गिऱ्हाइकाची हत्यारं न पुसता घेतली, तर उठून यावं. दोनशे रुपये द्यायचे ते पाऊण तासाच्या धीराचे. धीर मिळत नसेल तर पैसे कशाचे?

डोहाळजेवणांचं एक वेगळंच प्रकरण आहे. हल्ली सातव्या महिन्यात फोटोशूट असतं, हिरव्या शालूला मॅचिंग गडद हिरवी नखं असतात. आमच्या नात्यातली एक पोरगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, तशाच नखांची. नवव्या महिन्यात एका रात्री अचानक सिझेरियन ठरलं आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरनं तिचा हात हातात घेतला. बोटाला लावतात तो ऑक्सिमीटरचा चिमटा नखातून आरपार प्रकाश पाठवतो, एक लाल आणि एक इन्फ्रारेड, ६६० आणि ९४० नॅनोमीटरचा, आणि त्यातला किती शोषला गेला त्यावरून रक्तातला ऑक्सिजन सांगतो. काळा, निळा, हिरवा असा गडद रंग मधे आला की आकडा थोडाफार हलू शकतो. शिवाय भूल देणारे डॉक्टर नखांचा रंगही बघतात, ती निळसर पडतायत का ते. सिस्टर हुशार होत्या. त्यांनी चिमटा आडवा फिरवून बोटाच्या दोन्ही बाजूंनी लावला, नख वगळून. काम झालं. "साधी नेलपॉलिश असती तर मीच पुसली असती," त्या बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हे कुठं मी रात्री दोन वाजता भिजवत बसू?" तेव्हा दिवस भरत आलेल्या पोरींनी, आणि ठरलेलं ऑपरेशन असलेल्या कुणीही, आठवडाभर आधी जेल उतरवून ठेवावं. सगळं जिवावर येत असेल तर प्रत्येक हाताचं एक बोट तरी मोकळं ठेवावं.

लॅम्पच्या प्रकाशाचं लोक विचारतात. तो अल्ट्राव्हायोलेट ए असतो. २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर असा प्रकाश २० मिनिटं सोडला तेव्हा २० ते ३० टक्के पेशी मेल्या. बशीतल्या पेशी आणि कातडी असलेला जिवंत हात एक नव्हे, पण हाताला सनस्क्रीन लावून किंवा बोटं कापलेले हातमोजे घालून बसायला काय जातं? आणि युरोपात जेलमधलं टीपीओ नावाचं रसायन १ सप्टेंबर २०२५ पासून बंद झालं, त्याचे मेसेज आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर इतक्या वेळा फिरले की शेवटी 'जेल लावणाऱ्या बाईला मूल होत नाही' इथपर्यंत गोष्ट गेली. ती बंदी प्राण्यांना ते रसायन खाऊ घालून केलेल्या चाचण्यांवरून आली. नखावर लावून वाळलेल्या थरावरून नव्हे. बाटलीवर टीपीओ नसलेलं घ्या, आणि मेसेज पुढं ढकलू नका.

मला जास्त काळजी वाटते ती ॲलर्जीची, जिच्याबद्दल एकही मेसेज फिरत नाही. न वाळलेलं जेल कातडीला लागत राहिलं तर ॲक्रिलेटची ॲलर्जी होऊ शकते. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या डॉक्टरांच्या संस्थेनं २०१२ साठी 'वर्षाचा ॲलर्जन' म्हणून ॲक्रिलेटच निवडले होते. बोटांची टोकं खाजतात, चिरतात, सोलवटतात. कधी कधी बोटाऐवजी पापण्याच सुजतात, कारण आपण दिवसभर डोळ्यांना हात लावतो. आणि ही ॲलर्जी एकदा बसली की सहसा जात नाही. दातात भरायचं सिमेंट, गुडघा बदलताना हाडाला लावायचं सिमेंट, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. पंचविसाव्या वर्षी नखावरून लागलेली ही भांडणं पासष्टाव्या वर्षी ऑर्थोपेडिक डॉक्टरसमोर निघू शकतात. घरी स्वस्तातला लॅम्प आणून पोरी एकमेकींना लावतात, जेल कडेच्या कातडीवर सांडतं, लॅम्प आणि जेल यांचा मेळ नसतो, वरून वाळलेलं आतून कच्चं राहतं. खाज सुटली की काढायचं, पुन्हा लावायचं नाही आणि कातडीच्या डॉक्टरकडं जायचं. नख हिरवट पडलं, बुडापासून सुटायला लागलं, ठणकायला लागलं, पू झाला, तरीही. हळद-तेलानं ते जाणार नाही. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नये.

सोललेल्या नखाला औषध नाही. वेळ आहे. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. पायाचं बारा ते अठरा. 'नखांना श्वास घेऊ द्या' असं पार्लरमध्ये सांगतात, पण नख श्वास घेत नाही, ते मेलेलं असतं; ते जिथून उगवतं त्या मुळाचं पोषण रक्तातून होतं. मधे थोडे महिने जेल लावू नये हे बरोबर आहे, फक्त कारण दुसरं. पातळ झालेला भाग टोकाशी येऊन कापला जाईपर्यंत त्याच्यावर पुन्हा कानस फिरू नये म्हणून. तोवर नखं आखूड ठेवावीत. भांड्यांना रबरी हातमोजे घालावेत, कारण सारखं ओलं-कोरडं होण्यानं नख फाटतं. काठवटीत पीठ मळताना मात्र हातमोजे घालून भाकरी थापणारी बाई मराठवाड्यात अजून जन्मायची आहे.

भाचीची नखं हळूहळू बरी झाली. मधे तिच्या सासूबाईंनी मला फोनवर सुनावलंच, "तुमच्या पोरीचे नखं बघा कसे झालेत, चार दिवस भाकरी मलाच थापाव्या लागल्या." मी म्हटलं, बरं झालं, तिला तुमच्या हातच्या मिळाल्या. त्या हसल्या. गेल्या महिन्यात भाचीनं नवी बातमी दिली. तिनं लॅम्प मागवलाय. गावात पार्लर नाही, जिंतूरला जायचं म्हणजे अख्खा दिवस, आणि महालक्ष्म्यांच्या आधी सगळ्याजणींना नखं करायचीत. आधी मी चिडले, मग म्हटलं, ठीक आहे, पण माझी एक अट. लावायला शिकायच्या आधी काढायला शिकायचं, आणि काढण्याचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे सांगायचे.

दोन रविवार ती परभणीला आली. माझ्याच नखांवर लावलं आणि माझ्याच नखांवरून काढलं. पहिल्यांदा बाराव्या मिनिटाला तिची चुळबुळ सुरू झाली, तेव्हा मी तिच्या हातातली काडी काढून घेतली आणि चहा ठेवायला पाठवलं. गॅस दुसऱ्या खोलीत आहे, दार लावून घे, हेही सांगावं लागलं. ती चहा घेऊन आली तोवर जेल सुटलेलं होतं. जाताना तिनं वहीत सगळं लिहून घेतलं, ॲसिटोन किती, फॉइल किती, कापूस कुठला. मग पेन थांबवून म्हणाली, "मावशी, ते करडईचं तेल गिऱ्हाइकाला नुसतं लावून देऊ, का छोट्या बाटल्या भरून विकू?"

विक म्हटलं.